युनिव्हर्सिटीचे मासे

मदीनाबीनं युनिव्हर्सिटीचा प्रयोग चिंचेच्या सालनात शिजवला आणि वर कोथिंबीर घालून, ज्यांचा तो प्रयोग होता त्यांच्याच ताटात वाढला. चूक तिचीच होती. पण एकदा लोणझरीची रीत कळली की ती चूक फारशी चूक वाटत नाही.

पाहुण्यानं सकाळी कोंबडी नाहीतर मासळी दारात ठेवली आणि तो आपल्या कामाला निघून गेला, म्हणजे संध्याकाळी तो जेवायला आहे आणि कालवण त्याच जिनसेचं करायचं. हे लोणझरीत कुणी कुणाला सांगत नसे. बद्रुद्दीन साहेब हैदराबादच्या युनिव्हर्सिटीतून आले होते. कयाधूच्या भोयांकडून त्यांनी बोटाएवढे मासे धरवले आणि दोन मडकी भरून मदीनाबीच्या ओसरीत सावलीला ठेवली, कारण बारवेला सगळ्यात जवळ घर तिचं. मग शेरवानी झटकून ते परवानगीसाठी कळमनुरीच्या तहसिलात गेले. मासे जिवंत होते, पाणीही स्वच्छ होतं. साहेब मोठे टापटिपीचे दिसतात, एवढाच अर्थ मदीनाबीनं त्यातून काढला.

संध्याकाळी साहेब दमूनभागून आले आणि पोटभर जेवले. शेवटचा मासा निगुतीनं काट्यावरून सोडवून खाल्ला आणि एवढी ताजी मासळी या गावात कुठं मिळाली म्हणून विचारलं. मदीनाबीनं ओसरीकडं बोट केलं. घासूनपुसून पालथी घातलेली दोन मडकी तिथं उन्हाळ्याच्या वाऱ्यात वाळत होती.

साहेबांनी उठून एक मडकं उचललं आणि आत डोकावून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "वो खाने की मछलियाँ नहीं थीं, मदीनाबी. खाने वाली थीं."

कोपऱ्यात पाय उशीवर टाकून तिचा नवरा मकबूल बसला होता. तो एवढा हसला की घोट्याजवळची काडी हलली आणि हसणं अर्ध्यातच कळवळण्यात गेलं.

त्या काडीवर नारू गुंडाळलेला होता. लोणझरीत नारू हा पाहुण्यासारखाच होता. उन्हाळ्यात यायचा आणि आला की लवकर जायचा नाही. पायाला आधी आग सुटायची, मग फोड यायचा, मग फोडातून पांढरा दोरा डोकावायचा. तो रोज थोडाथोडा काडीवर गुंडाळायचा. घाई केली, तुटला, की पाय सुजून खांबासारखा व्हायचा. बाकीच्यांनी नारू घेऊन घरी बसावं, कण्हावं. मकबूलला ते परवडत नव्हतं, कारण तो कल्हईवाला होता आणि कल्हईवाल्याचं अर्धं काम पायानं होतं. मोठ्या हंड्यात वाळू, राख आणि ओलं पोतं टाकायचं, आत उभं राहायचं, वरच्या दोराला धरायचं आणि कंबर इकडून तिकडं फिरवत तळ घासून काढायचा. हंडा लखलखल्याशिवाय कथील धरत नाही. लग्नाचे हंडे उन्हाळ्यात निघतात, आणि उन्हाळ्यातच नारू. सलग तीन उन्हाळे मकबूल खाटेवर आणि हंडे दुसऱ्या गावच्या कल्हईवाल्याकडं. जवानीत हाच माणूस हंड्यात असा नाचायचा की बायका भांडी द्यायच्या निमित्तानं थांबून राहायच्या. मदीनाबीही तशीच एकदा थांबली होती. आता पुन्हा एकदा त्याला हंड्यात नाचताना बघायचं, यापलीकडं तिला अल्लाकडं काही मागायचं नव्हतं.

म्हणून त्या रात्री साहेब सांगत होते ते तिनं गावात सगळ्यात जास्त लक्ष देऊन ऐकलं. नारू रक्तातल्या गरमीनं होत नाही, तो पाण्यातून येतो, असं साहेबांचं म्हणणं. आग थंड करायला नारूवाला बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसतो. फोडातून हजारो पिल्लं पाण्यात पडतात. पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे किडे असतात, ते ही पिल्लं गिळतात. मग माणूस ते किडे पितो. वर्षानं पायातून दोरा निघतो. हे छोटे मासे त्या किड्यांवर तुटून पडतात. हौदात पाहिलंय, आता बारवेत पाहायचं होतं. आधीच पोटात गेलंय ते पुढच्या उन्हाळ्यात निघणारच, खरा निकाल त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.

मकबूलनं लाजून पाय चादरीखाली घेतला. रोज दुपारी तो त्याच पायऱ्यांवर पाय सोडून बसायचा.

दुसऱ्या दिवशी मदीनाबी भोयांच्या नर्मदाबाईला घेऊन स्वतः नदीत उतरली. नर्मदाबाईनं सवयीनं मोठे मासे ठेवले, बारके सोडून दिले. मदीनाबीनं उलट करायला सांगितलं, तेव्हा नर्मदाबाईला वाटलं हिचं डोकं फिरलंय. संध्याकाळी बारवेत मासे सुटले. साहेब हैदराबादला गेले, आणि मदीनाबी रोज सकाळी घागर भरताना माशांवर पहारा करू लागली. नारूवाल्याला तिनं पायऱ्यांवर बसू दिलं नाही. पहिला हाकलला तो नवरा. त्याच्यासाठी घरी घमेल्यात पाणी ठेवलं.

महिन्याभरानं साहेब परत आले. कापडातून पाणी गाळून वर उरलेलं त्यांनी बारीक ते मोठं दाखवणाऱ्या खुर्दबीनीखाली धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. किडे जसेच्या तसे. मासे मात्र अंगानं दुप्पट झाले होते आणि पायरीपाशी येऊन तोंड वर करून वाट बघत होते.

"कशाची वाट बघून राहिले हे?" साहेबांच्या शेजारी वाकून मदीनाबीनं स्वतःलाच विचारलं. तेवढ्यात वरून पुनमचंद शेटजी उतरले, हातात कणकेच्या गोळ्यांची परात.

पुनमचंदांचं कापडाचं दुकान. घरात कांदासुद्धा शिजत नसे. मासा त्यांनी ताटात कधी पाहिला नाही, पण बारवेत पाहिला आणि ते हरखून गेले. मुक्या जिवांना खाऊ घालायची संधी घराच्या इतक्या जवळ चालून आली होती. त्यांचं बघून अर्ध्या गावानं सुरुवात केली. कुणी मुरमुरे, कुणी भाकरीचे तुकडे. मदीनाबी पहाटे यायची, शेट दुपारी यायचे. पहारा आणि पंगत यांची कधी गाठच पडली नव्हती. एवढं आयतं मिळाल्यावर टाचणीएवढ्या किड्यामागं कोण पळतो?

साहेबांनी शुद्ध उर्दूत शेटजींना समजावलं. शेटजींनी आदरानं ऐकलं आणि दुसरा गोळा टाकला. मग मदीनाबीनं पदर खोचला.

"शेटजी, मासे तुमी जेवू घालता, पुण्य तुमच्या खात्यात. नारू मात्र माझ्या घरच्याच्या पायात. हे काहून असं?"

"उपाशी ठेवू का त्यांना? पाप लागंल, बाई."

"तुमच्या घरी कुणाला नारू झालता कवा?"

शेटजी विचारात पडले. त्यांना झाला नव्हता. त्यांच्या वडलांना नाही, सुनेला नाही, लेकरांना नाही. देवाची कृपा, ते म्हणाले.

"कृपा नाही," साहेब एकदम मराठीवर आले. त्यांची मराठी मोडकीच होती, पण अशा वेळी धावून यायची. "तुम्ही पाणी गाळता. धर्म सांगतो म्हणून. किडे कापडात राहतात."

"व्हय, अन् ते कापड आमी बारवेतच हलक्या हातानं धुतो," शेटजी अभिमानानं म्हणाले. "जीव परत पाण्यात. एकही मारत न्हाई."

साहेबांनी डोक्याला हात लावला. त्यांना मग शेटजींना खुर्दबीनीतून बघायला लावावं लागलं. शेटजी खाली वाकले ते बराच वेळ वर उठेनात. थेंबभर पाण्यात केवढी धावपळ. आणि आपण सोडून अख्खं गाव हे जीव रोज घटाघटा पितंय, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. नारूचा नव्हे, पापाचा.

त्यानंतर पुनमचंदांनी जे केलं ते साहेबांच्या कागदात कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी दुकानातल्या मांजरपाटाचा तागा काढला, चौकोनी तुकडे फाडले आणि घरोघर वाटले. दुहेरी घडी घागरीच्या तोंडावर बांधायची, गाळूनच प्यायचं. जो गाळणार नाही तो जीवहत्या करतो, असं ते प्रत्येक दारात सांगत गेले. पाटलानं हसून मान हलवली, पण कापड फुकट होतं, बांधलं. आणि आपल्या हातून माशांना उपाशी ठेवल्याचं पाप नको, म्हणून शेटजींनी कणकेची परात मुंग्यांच्या वारुळाकडं वळवली. बारवेतले मासे चार दिवस पायरीपाशी आशेनं थांबले आणि मग नाइलाजानं युनिव्हर्सिटीच्या कामाला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मकबूलच्या पायात पुन्हा दोरा निघाला, तेव्हा गावानं मदीनाबीला सोडलं नाही. संतराम न्हावी तर तिला बघितलं की माशाचा भाव विचारायचा. तिनं साहेबांचं बोलणं सगळ्यांना ऐकवलं, हे आधीच प्यायलेलं आहे म्हणून. पण रात्री मकबूलच्या पायावरची काडी फिरवताना ती मनातल्या मनात दिवस मोजायची. आणखी एक वर्ष. तिनं घमेलं भरून ठेवलं, कापड रोज पिळलं, आणि बारवेवरच्या पहाऱ्यात एक दिवस खंड पडू दिला नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिकडं महायुद्ध चालू होतं, कथील महाग झालं होतं, तरी पुनमचंदांच्या नातीचं लग्न ठरलं आणि वाड्यातले सगळे हंडे बाहेर निघाले. मदीनाबी रोज सकाळी मकबूलचे पाय दोन्ही हातांत घेऊन तपासायची. घोटे, टाचा, बोटांमधली जागा. चैत्र गेला. वैशाख लागला. पायांवर जुने व्रण सोडून काही नव्हतं. गावात कुणाच्याच पायाला काडी नव्हती.

बद्रुद्दीन साहेब मोजदाद करायला आले आणि आनंदानं आणि वैतागानं एकाच वेळी मांडवात बसून राहिले. नारू गेला, ते खरं. पण माशांनी घालवला की मांजरपाटानं, हे आता सांगणार कोण? एका बारवेवर दोन उपाय झाले, त्यांचा प्रयोग पार बिघडला. वरिष्ठांना काय लिहू, त्यांनी हताश होऊन मदीनाबीला विचारलं. लिहा की, दोघांनी मिळून घालवला, ती म्हणाली, आणि त्यांच्यापुढं बुंदीचं ताट सरकवलं.

मांडवाच्या कडेला सगळ्यात मोठ्या हंड्यात मकबूल उतरला. आधी त्यानं पाय जपून ठेवले, जणू भांडं गरम आहे. मग दोर धरला, कंबर एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. वाळू कुरकुरली. मग त्याला लय सापडली आणि हंडा घुमायला लागला. वऱ्हाडी बायका घागरे सावरत थांबल्या. जाहेदा, त्यांची लेक, लाजून भिंतीकडं वळली. बापाला असं बघायची तिला सवय नव्हती. मदीनाबी मात्र पदर तोंडाला लावून बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी भट्टीच्या धुरानं आलंय असं जवळ बसलेल्या नर्मदाबाईला तिनं सांगितलं. भट्टी अजून पेटलीच नव्हती.

पुनमचंद शेटजी पागोटं सावरत तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. "काय मदीनाबी, पुण्य कुणाचं म्हणायचं मग?"

"तुमचंच, शेटजी. पण तागा माझ्या दारापाशी येईस्तवर संपला व्हता. साऱ्या गावाला तुकडा भेटला, मी दोन वर्षं ओढणी फाडून गाळून राहिले."

शेटजी दचकले. हे त्यांना माहीतच नव्हतं. उद्याच पाठवतो, ते म्हणाले. नाही, उद्या वरात, मग बाळापूरच्या बाजारानंतर नक्की.

"बाजारानंतर," मदीनाबी हसून म्हणाली, आणि पुन्हा हंड्याकडं वळली.

असे पुष्कळ बाजार झाले. शेटजी तुकडा द्यायचं विसरले आणि मदीनाबीनं त्यांना भेटेल तिथं आठवण करून द्यायचं सोडलं नाही.