आण्णांचा आकडा

पलूसच्या औषधाच्या दुकानात आण्णा बोट टोचायच्या आधी गिऱ्हाइकाला रस्त्याकडं तोंड करायला लावत. ‘उसाच्या ट्रॉल्या मोज,’ म्हणत. तिसरी ट्रॉली जाईपर्यंत रक्ताचा थेंब पट्टीवर पडलेला असे आणि कोलेस्ट्रॉल मोजायचं छोटं यंत्र कामाला लागलेलं असे. दुकान आण्णांचं. मी तिथं एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली फार्मासिस्ट होतो.

आण्णा जैन. एकदा कुणीतरी चिडवलंच, ‘आवं आण्णा, मुंगी मारत न्हाई आन माणसांचं रगात काढता व्हय?’

‘मुंगीला चरबी नसती रं. तुला हाय.’

शिराळ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आकडा बघून भडकले. ‘मी रोज आठ किलोमीटर पळतोय!’

‘पळा की. आज डॉक्टरकडं पळा.’

‘तुमीच द्या की गोळी.’

‘गोळी डॉक्टर ठरवणार. आमचं काम आकडा सांगायचं.’

मग दर आठवड्याला आण्णांचा फोन, ‘गेलता का?’ चौथ्या फोनला वैतागून सुभेदार सांगलीला गेले. हृदयाच्या दोन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. बरे होऊन ते गुळाची ढेप घेऊन आले, तेव्हा आण्णा मला म्हणाले, ‘आकडा कदी गोड करून सांगायचा न्हाई, गड्या.’

पण स्वतःचं बोट त्यांनी कधी टोचलं नव्हतं. वडील आणि थोरला भाऊ, दोघंही पन्नाशीतच हृदयविकारानं गेलेले. तो विषय निघाला की आण्णा उगीच कपाटातली खोकी सरळ करत बसायचे.

चोपन्नावं लागलं, त्या महिन्यात एका दुपारी त्यांनी अचानक हात पुढं केला. ‘विलास, आकडा सांगू नको. ठीक हाय का न्हाई, तेवढंच सांग.’ तोंड रस्त्याकडं. बोट बर्फासारखं गार. यंत्रावर तीनशे बारा उमटलं; हवं दोनशेच्या आत.

‘ठीक हाय का रं?’

त्या आवाजाला मी घाबरलो. ‘ठीक हाय,’ म्हणालो.

आण्णा लहान मुलासारखे हसले. घरी जाऊन वहिनींनाही सांगितलं. उद्या सांगू, शांतपणे सांगू, असं मी रोज ठरवत होतो. रोज दुकान उघडताना ते आलेत ना, हे आधी बघायचो आणि मगच माझा जीव भांड्यात पडायचा. असे चार महिने गेले. एका सकाळी सलाईनचं खोकं उचलता उचलता आण्णा खाली बसले. सांगलीपर्यंत पोचलेच नाहीत.

हे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा अजित मित्रांबरोबर औंधला यमाईच्या डोंगरावर गेला आणि छाती दाबून पायरीवर बसला. वय चौतीस. कळल्यावर मी यंत्र घेऊन घरी गेलो. त्यानं भीत भीत हात पुढं केला, एवढ्यात वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, ह्यांचं तर तुमीच तपासलं व्हतं. ठीक व्हतं की! मग पोराला कशाला भ्या घालताय?’

अजितनं हात मागं घेतला. सुटल्यासारखा हसला, अगदी बापासारखा.

‘वहिनी,’ मी कसंबसं म्हणालो, ‘तवा मी खोटं बोललो. तीनशे बारा होतं.’

मग अजितनं हात पुन्हा पुढं केला. त्याचाही आकडा वाईट निघाला. आता त्याच्यावर सांगलीत उपचार चालू आहेत.

वहिनींनी मात्र त्या दिवसापासून मला भावजी म्हटलेलं नाही.