गाडीवाटेचा बेत

अमेरिकेला जायचा बेत माझ्या सासऱ्यांचा. नागपूरला भूमी अभिलेख खात्यात ते भूमापक होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात घालवली. लहानपणी कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांनी एक चित्र पाहिलं होतं. कापडी छताच्या बैलगाड्यांची लांबलचक रांग, दोन्ही अंगांना नुसतं गवत, आणि गाड्यांच्या बाजूने चालणारी बायामाणसं. मिसूरी नदी मागे टाकून पश्चिमेला जमीन शोधायला निघालेली ती माणसं बाबांच्या डोक्यातून कधी गेलीच नाहीत. निवृत्त झाल्यावर ते त्यावरच वाचत बसायचे. ती वाट जिथे जिथे उरली आहे तिथे तिथे आपण सगळ्यांनी मोटारीने जायचं, असं त्यांनी एका दिवाळीत जाहीर केलं आणि आम्ही हसत हसत हो म्हटलं.

दोन हजार वीसच्या हिवाळ्यात माझं ऑपरेशन झालं, म्हणून सासूबाई आमच्याकडे रॉटरडॅमला आल्या. बाबा मे महिन्यात येणार होते आणि मग आम्ही पाचही जण इथूनच पुढे अमेरिकेला जाणार होतो. मार्चमध्ये सगळं बंद झालं. आई इकडे अडकल्या, बाबा तिकडे. जूनच्या सुमाराला भारतात जाणारी खास विमानं सुरू झाली तेव्हा माझ्या नवऱ्याने आईंच्या तिकिटाचा विषय काढला, पण बाबांनीच नको म्हटलं. "इथे येऊन ती काय करणार? सगळी गल्ली बंद आहे. तिथेच राहू द्या. मी ठीक आहे."

आमचं घर मास नदीच्या काठावर, वरच्या मजल्यावर. एरवी खालून ट्रामचा आवाज यायचा, पोरं सायकलींवरून आरडाओरडा करत जायची. त्या वसंतात काहीच नव्हतं. जहाजं मात्र नेहमीसारखी जात होती. त्यांच्यावर माणूस दिसायचा नाही. आई खिडकीशी उभ्या राहून म्हणायच्या, "हे चालवतं कोण गं?"

बेत सोडायला बाबा तयार नव्हते. "यंदा नाही तर पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "पण वाट तर बघून ठेवू." नकाशाच्या साइटवर रस्त्यांचे फोटो असतात, बाण दाबत दाबत त्या रस्त्यावरून पुढे जाता येतं, हे माझ्या मुलीने त्यांना दाखवलं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि शाळा बंद होती. मग रोज आमच्या दुपारी, त्यांच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉल लागायचा. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायची, पडदा बाबांनाही दिसेल असं करायची, आणि दोघं मिसूरीपासून निघायची. आई शेजारी भाजी निवडत. मी पलीकडच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये असले तरी दाराच्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

"काऊन थांबली, पोरी?"

"आबा, देअर इज नथिंग हिअर."

"काही नाही कसं? गवत आहे ना. चल पुढे."

नेब्रास्का ओलांडायला त्यांना कित्येक दुपारी लागल्या. सगळे रस्ते ओस. फोटो कुठल्यातरी जुन्या उन्हाळ्यातले होते, साथीच्या आधीचे, पण बघताना तसं वाटायचं नाही. जगातली माणसं सगळीकडूनच उठून गेली आहेत असं वाटायचं.

बाबा मध्येमध्ये सांगत राहायचे. इथे गाड्या नदीतून उतरल्या, इथे बैल मेले. फोर्ट लॅरमीला थांबायचंच, असा त्यांचा आग्रह होता, कारण सरकारने मूळच्या लोकांशी करार केले ते तिथे, आणि नंतर मोडले. "जमीन मोकळी होती, असं लिहितात," ते एकदा म्हणाले. "मी आयुष्यभर मोजणी केली. मोकळी जमीन मी तरी पाहिली नाही. मोजणीची साखळी टाकली की कुणाचा तरी पाय तिथून निघालेला असतो."

एका दुपारी त्यांनी थडग्यांचं सांगितलं. त्या वाटेवर कॉलऱ्याने फार माणसं मेली. थांबायला वेळ नसायचा. मेलेल्या माणसाला वाटेतच पुरायचे आणि वरून सगळ्या गाड्या न्यायचे, म्हणजे माती घट्ट बसेल आणि जनावरांना पत्ता लागणार नाही. खूण ठेवायची नाही.

आई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. तरुणपणी त्यांनी कॉलऱ्याचा वॉर्ड सांभाळला होता. हातातली मेथीची जुडी त्यांनी खाली ठेवली.

"म्हणजे ही आत्ता ज्या रस्त्यावरून चाललीय, त्याच्याखाली?"

"त्याच्याच खाली असं नाही," बाबा म्हणाले. "पण आसपास. कुठेही."

मुलीने बोट बाणावरून उचललं. त्या दिवशी ती दोघं पुढे गेली नाहीत.

वायोमिंगमध्ये शिरल्यावर त्यांना तो माणूस दिसला. रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी उभी होती आणि गाडीपासून जरा लांब, गवतात, एक म्हातारा. पांढरा सदरा, हात पाठीमागे बांधलेले. साइटवर सगळ्यांचे चेहरे पुसट करतात तसा त्याचाही केलेला होता. इतक्या दुपारींत दिसलेला पहिला माणूस. मुलगी ओरडली म्हणून मीही उठून आले. तो उभा होता तो थेट बाबांसारखा. मोजणीच्या जागी बाबा असेच उभे राहत असणार, असं मला वाटलं. बाबा पडद्याजवळ चेहरा आणून बघत राहिले आणि मग हसले. "मी तुमच्या आधीच पोचलो की."

सप्टेंबरात नागपुरात साथ फार वाढली. बाबांना ताप आला, मग दम लागला. त्यांचा पुतण्या त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. त्याला फाटकाच्या आत सोडलं नाही. तो बाहेर उभा राहून आम्हाला फोन करायचा आणि मागे गाड्यांचे भोंगे ऐकू यायचे. एका सकाळी त्याने फोन केला आणि काही बोललाच नाही. आईंनी माझ्या नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. "बोलू नको बाळा," त्या म्हणाल्या. "समजलं."

महापालिकेच्या माणसांनीच अंत्यसंस्कार केले. पुतण्याने लांबून फोन धरला होता. पडद्यावर पांढऱ्या पोशाखातली माणसं दिसत होती, चेहरे झाकलेले. आई पांढरी साडी नेसून टेबलापाशी ताठ बसल्या होत्या. आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटलं. नेट मध्येच अडकत होतं, त्यामुळे तिकडची गाथा आणि आमची गाथा जुळत नव्हती. शेवटी आईंनी आवाज बंद केला आणि आम्ही आमचंच पूर्ण केलं. माझी मुलगी रडली नाही. फोन बंद झाल्यावर तिने डचमध्ये विचारलं, ती माणसं आबांना ओळखत होती का.

त्यानंतर लॅपटॉप त्या टेबलावर कुणी उघडला नाही. नवरा बेडरूममध्ये बसून बंदरातल्या मालाच्या वेळापत्रकांवर काम करायचा, जेवायला यायचा, परत जायचा. वडिलांचं नाव त्याने घेतलं नाही. आई मात्र दुपारच्या त्या वेळेला फोन समोर ठेवून बसायच्या. सवय आहे, एवढंच म्हणायच्या.

पानं गळून गेली होती तेव्हाची गोष्ट. माझी मीटिंग लवकर संपली. मुलीच्या खोलीतून आईंचा आवाज आला.

"थोडं पुढे घे. अजून. हां, थांब."

मी दारात जाऊन उभी राहिले. दोघी पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या आणि पडद्यावर तो माणूस होता. गवत, पांढरी गाडी, पाठीमागे बांधलेले हात. मुलगी त्याच्याकडे रोज जात होती, हे मला तेव्हा कळलं. आईंनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं.

"हे नाहीत ते," त्या शांतपणे म्हणाल्या. "सदरा इस्त्रीचा नाही. बिनइस्त्रीचे ते घराबाहेर पडले नाहीत कधी."

"आय नो, आजी," मुलगी म्हणाली. "बट ही इज देअर."

आईंनी मान हलवली. मग त्याही रोज जाऊन बसू लागल्या. मी एकदा मीटिंग चालू असताना, कॅमेरा बंद करून, तो रस्ता उघडला. कुणीतरी माझं नाव घेऊन प्रश्न विचारत होतं आणि मी त्या पुसट चेहऱ्याकडे बघत होते. इतकं बघितलं की तोच माझ्याकडे बघेल अशी भीती वाटली आणि मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली. पुन्हा कधी एकटीने उघडली नाही.

पुढच्या वर्षी ट्युलिप उमलले त्या सुमाराला साइटवाल्यांनी त्या रस्त्याचे फोटो बदलले. मुलगी स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आबा गेले," ती म्हणाली. मराठीत. मी जाऊन पाहिलं. तोच रस्ता, तेच वळण, पण आभाळ भरलेलं, गवत पिवळं, गाडी नाही, कुणी नाही. मागे जाऊन, पुढे जाऊन तिने सगळं शोधलं होतं. मग ती जी रडायला लागली ती थांबेना. आई जमिनीवर बसल्या, तिला कुशीत ओढलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. नवरा खोलीतून बाहेर आला. काय झालं ते मी सांगितलं. त्याला त्या माणसाबद्दल काहीच माहीत नव्हतं. तो ऐकत राहिला आणि मग त्या दोघींजवळ जाऊन तोही खाली बसला. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा वडिलांबद्दल बोलायला सुरुवात केली आणि चहा गार होईपर्यंत तो बोलत होता.

आईंनी ठरवलं की आता घरी जायचं. "मी इथे लपून बसले होते," त्या म्हणाल्या. "तिथे घर रिकामं आहे हे बघायला नको म्हणून." व्हिसाची वाढवून घेतलेली मुदत संपतच आली होती. वाट जरा मोकळी झाल्यावर नवरा त्यांना नागपूरला सोडून आला. त्याने परत आल्यावर सांगितलं, दारामागे बाबांचे नवे बूट होते. अमेरिकेसाठी घेतलेले. तळ झिजून गुळगुळीत झाले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, टाळेबंदीत ते रोज संध्याकाळी ते बूट घालून गच्चीवर फेऱ्या मारायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, वायोमिंगला चढ आहे. आईंनी ते बूट पुतण्याला दिले.

प्रवास आम्ही केला, त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात. आई आल्या नाहीत. अमेरिकेच्या व्हिसासाठी फार थांबावं लागलं असतं, आणि त्या म्हणाल्या, माझी वाट बघून झालीय. डेन्व्हरला गाडी भाड्याने घेतली. नवरा चालवायला बसला आणि मी मुलीबरोबर मागे बसले. अनोळखी रस्ते, मैलांच्या पाट्या, सगळं तो एकटाच सांभाळत होता. बाजूची सीट बाबांची म्हणून रिकामी. फोर्ट लॅरमी झालं. मऊ खडकावर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या घळी पाहिल्या, माणूस कमरेइतका आत जाईल अशा खोल. नवरा एका घळीत उतरला, दोन्ही हात कडांवर ठेवून उभा राहिला आणि बराच वेळ वर आला नाही. वारा इतका होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. फोटोत कळत नाही, पण ते गवत सतत आवाज करत असतं, कुणी चालत असल्यासारखा. मला तिथे जास्त वेळ थांबवेना.

पुढच्या पेट्रोल पंपावर मी पाण्याच्या बाटल्या घेऊन परत आले तर मुलगी पुढच्या सीटवर बसली होती. तेरा वर्षांची, लांब पायांची. तिने सीट मागे सरकवली, पट्टा लावला आणि वडिलांना डचमध्ये विचारलं, आता कुठे वळायचं. त्याने नकाशा उघडलेला फोन तिच्या हातात दिला. मी मागे बसले. गाडी रस्त्याला लागली.