सुतकाचा करडा रंग

राजधानीबाहेर नदीकाठी कोयोरी रंगारीण राहायची. तिचे हात मनगटापर्यंत कायम काळे. शेजारणी चिडवायच्या, "अगं, तू मेलीस तरी हात ओळखू येतील!" आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची. काय मोकळं हसायची! सुतकाचा करडा रंग मात्र तिच्यासारखा कुणाला साधला नाही. लांबच्या नात्याला फिका, जवळच्याला गडद.

त्या शरदात धाकट्या मंत्र्यांचा कारभारी रेशमाचं ठाण घेऊन आला.

"कोण गेलं, कारभारी?"

"धन्यांची लांबची मावशी. आज-उद्यावर आहे."

कोयोरीनं फिका तुकडा दाखवला.

"अजून गडद."

दुसरा दाखवला.

"अजून."

तिसरा सख्ख्या भावाच्या सुतकाचा होता. "हाच," कारभारी म्हणाला आणि नजर चुकवून निघून गेला.

धाकट्यांना सख्खा भाऊ एकच, थोरले मंत्री. कालच तर घोड्यावरून ठणठणीत गेलेले! आणि त्यांच्या ताटातला पहिला घास चाखायचं काम होतं कोयोरीच्या लेकीकडे, मातोमेकडे.

मातोमे त्या दिवशी घरी आलेली. तिन्हीसांजेला परत निघाली, तर आईनं हात धरला.

"नको जाऊस गं."

"वेडी का तू, आई? घरात विटाळ नसताना राहिले तर फटके खाईन."

कोयोरीनं तिचा हात सोडला. अंगणात कुत्रं जरी मेलं, तरी त्या घरच्यांनी पाच दिवस मंत्र्यांच्या महालात पाऊल टाकायचं नाही, अशी तिथली रीत. चुलीपाशी तिचा म्हातारा कुत्रा पडला होता. तिनं त्याच्या कानामागं खाजवलं. त्यानं शेपूट हलवली. मग तिनं सरपणातलं जाड लाकूड उचललं.

मातोमेच्या जागी शेजारची सानामे गेली. "काकू, आता मंत्र्यांच्या ताटातलं खाणार मी!" असं कुंपणावरून ओरडून गेली. कोयोरीनं तोंड उघडलं. पण मागं मातोमे उभी होती. कोयोरीनं ते मिटलं.

चौथ्या सकाळी महालाकडून रडारड ऐकू आली. थोरले गेले. सानामेही गेली.

दुपारी कारभारी कापड न्यायला आला. विटाळ लागू नये म्हणून बसला नाही. उभ्या उभ्याच अंगणातल्या ताज्या मातीकडे पाहत म्हणाला, "कुत्रा कधी मेला, बाई?"

"तुम्ही येऊन गेलात, त्याच संध्याकाळी."

"रंग पाहूनच मेला म्हणा की!" तो हसला. "उद्या विटाळ फिटतोय ना? मग लेकीला आमच्याकडे पाठवा. पहिला घास चाखणारं माणूस आता आमच्या धन्यांनाही लागणार."