पात्याची कच्ची शिलाई

माझी अमेरिकेतली पहिली नोकरी टिकली ती मावशींमुळे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची सगळी धडपड माझीच वाटायची.

मावशी नागपूरच्या. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या मोटेलशेजारी लाँड्रोमॅट होतं, नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान, तिथं कोपऱ्यात शिलाई मशीन टाकून लोकांच्या पँटी आखूड करायच्या. काम कुठलंही येवो, ओठांत टाचणी धरून म्हणायच्या, “आधी कच्ची शिलाई.” म्हणजे सैल टाके घालून अंगावर बघायचं, मगच पक्कं शिवायचं. कपड्याला तर म्हणायच्याच, माझ्या घरी पाठवायच्या पत्रालाही म्हणायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, तुमच्या घाईला जरासुद्धा न घाबरणारं.

मी आठवीत शाळा सोडलेला, कोल्हापूरकडं खिडक्यांचे ग्रिल जोडत वेल्डिंग शिकलेला. मोटेलवर पडेल ते काम करायचो आणि मागच्या खोलीत राहायचो. ऐंशीच्या दशकातला हिवाळा. बर्फ काढणारा ट्रकवाला येईनासा झाला, तसं मालकांनी मला बोलावलं.

“पार्किंग आता तू क्लीन ठेवायचं. जमणार नसेल तर आजच सांग, दुसरा माणूस बघतो.”

दुसरा आला असता तर माझी खोलीही त्यालाच गेली असती. मी हो म्हणालो.

शेडमध्ये मालकांची चारचाकी फटफटी होती, रानात हिंडायची, जाड टायरांची. शिवाय बागेतल्या ट्रॅक्टरचं बर्फ ढकलायचं एक जुनं पातं. दोन्ही एकमेकांना काही केल्या बसेनात आणि रेडिओवर उद्याच्या बर्फाचा पुकारा चाललेला. काहीतरी जोडून टाकावं म्हणून मी वेल्डिंगची काच तोंडावर ओढली, एवढ्यात मावशी डबा घेऊन आल्या.

“काहून एवढी घाई?”

“उद्या बर्फ आहे, मावशी.”

“मग परवा उसवायसाठी शिवतो का?”

त्यांनी साबणाची खोकी फाडली. पुठ्ठ्यावर खडूनं खुणा करून पातं गाडीला धरणाऱ्या पट्ट्यांचे आकार कापले. त्यावरून मी लोखंड कापलं, भोकं पाडली, सगळं नुसतं क्लॅम्पनं आवळलं. पातं उचलून बघितलं, तर जमिनीपासून छान वर राहिलं.

“आता बस गाडीवर.”

“वेल्डिंग राहिलंय अजून.”

“म्हणूनच बस म्हणते. हँगरवर ब्लाउज कोणाचाही बसतो.”

मी बसलो. पुढचा भाग खाली दबला आणि उचललेलं पातं फरशीवर खरकन घासलं. तसंच जोडलं असतं तर पहिल्याच उंचवट्याला मोडून पडलं असतं.

मावशी थंडगार फरशीवर गुडघे टेकून बघत होत्या. “सोड. चार बोटं वर घे. पुन्हा बस. अंग चोरू नको, रोज बसतो तसा बस.” तीनदा सोडायला लावलं. मग उठल्या आणि भिंतीकडं तोंड केलं. “घाल आता पक्की. मी नाही बघत, डोळे जातात.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं पार्किंग मोकळं झालं. मालक बाहेर आले, इकडून तिकडं चालले आणि म्हणाले, “ऑफिसच्या दारापाशी थोडं राहिलंय.” दुसऱ्या माणसाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढं मावशी मुलीकडं टेक्सासला गेल्या. त्यांच्या कोपऱ्यात आता कोकचं मशीन आहे. फोनवर मी “जय भीम, मावशी” म्हणतो, की त्या “जेवला का?” विचारतात. मागून नातू ओरडतो, “आजी, हू इज इट?” त्या म्हणतात, “आपलाच आहे.”

उपकाराचं बोलू देत नाहीत. पण मी ठरवलंय, टेक्सासला जाणार म्हणजे जाणार, वेल्डिंगची काच बॅगेत घालूनच. नातवंडांचं घर आहे, काहीतरी मोडलेलं असेलच.