तळहातावरचा चहा

सणसरच्या म्हाळूची सकाळ परीक्षेनं सुरू व्हायची. काठोकाठ भरलेला चहाचा कप उजव्या तळहातावर ठेवून तो अंगणात उभा राहायचा. "सांडला न्हाय की कातर धरायची," असं त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगितलं. सांगतानाच चहा मनगटावरून ओघळला.

मेंढरांची लोकर कातरण्यात त्याच्या तोडीचा माणूस आसपास नव्हता. हात हलला की कातडी कापते, जखमेत अळ्या पडतात. चोविसाव्या वर्षी त्याला विहिरीवरच्या मोटारीतून हाका ऐकू येऊ लागल्या. वडिलांनी, म्हणजे बिराआबांनी, बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. हॅलोपेरिडॉल ही जुनी गोळी सुरू झाली. हाका थांबल्या. पण मान ताठली, लाळ गळू लागली, बोटं थरथरू लागली.

पारावरची माणसं विचारायची, "म्हाळबा, ताक घुसळतुयास व्हय?"

"घुसळतुय की. लोणी आलं की हाक मारतो, वाट्या घिऊन या."

सगळे हसायचे. त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. गोळीनं तीही बांधून टाकली होती.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेली, मनोरुग्णांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरणारी, तशीच म्हाळूच्या दारी पोचलेली. 'जुनी गोळी ही रासायनिक बेडी आहे' हे वाक्य माझंच. पुण्यात रिस्पेरिडोन ही नवी गोळी मिळू लागली होती. मी डॉक्टरांच्या टेबलावर पत्रक आपटलं. शहरातल्या रुग्णाला नवं औषध आणि धनगराच्या पोराला बेडी का, असं विचारलं. त्यांनी पत्रक उचलून वाचलं. मग त्यांनी चिठ्ठी बदलली.

दोन महिन्यांत कप स्थिर झाला. म्हाळू त्या दिवशी हसला. दात किती पांढरे होते त्याचे!

पौषात पुण्याहून गोळ्या आल्याच नाहीत. जुन्या गोळ्यांची डबी घरात होती. आबांनी मला विचारलं, "तवर ही देऊ का, ताई?"

"अजिबात नाही," मी म्हणाले. "चार दिवस थांबा."

चाराचे दहा झाले. घरचे सगळे वडगाव निंबाळकरला लग्नाला गेले, तेव्हा मोटार पुन्हा बोलू लागली. मेंढरं उकडून मरतायत, म्हणाली. म्हाळूनं भर थंडीत सगळा कळप कातरला. ज्या दिवसांत धनगर कातरीला हातही लावत नाही, त्या दिवसांत. घरचे परतले तेव्हा उघडी मेंढरं एकमेकांना चिकटून थरथरत होती. आठवड्याभरात निम्मी मेली. मी मेलेल्या मेंढ्या पाहिल्या. एकीच्याही अंगावर ओरखडा नव्हता.

डॉक्टर चढ्या आवाजात बोलले नाहीत. "डोस माझा जास्त होता, कबूल. पहिल्याच आजारात एवढा लागत नाही. कमी दिला असता तर जुनीनंही हात इतका थरथरला नसता. पण औषधाशिवाय थांबायला कुणी सांगितलं?"

त्यानंतर पत्रक लिहायला बसले की कागद कोराच राहायचा. रडूही आलं नाही.

त्यांनी जुनीच गोळी सुरू केली, अगदी थोडी. हाका पुन्हा थांबल्या. ज्येष्ठात मी सणसरला गेले. म्हाळू अंगणात उभा होता, तळहातावर कप, चहावर तरंगसुद्धा नाही. उरलेल्या मेंढ्या कातरायला आल्या होत्या. आबांनी कातर त्याच्यापुढे ठेवली.

"घे की, लेकरा."

म्हाळूनं ती पायानं हळूच बाजूला सारली.

"अरे, हात स्थिर आहे तुझा," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं.

"व्हय, ताई. त्या दिशीबी हालला नव्हता."