दिव्यासाठी निघालेलं तेल

पत्नी गेल्यावर माझी पूजा सुटली. तिच्या आजारपणात सोलापूरच्या सिद्धेश्वराला मी जेवढं विनवलं, तेवढं आयुष्यात कुणालाच विनवलं नव्हतं. ती गेली, आणि मग तळ्याकाठच्या त्या देवळावरून जाताना मी मानही वळवीनासा झालो. राग नव्हता. तिथं ऐकणारं कुणी नाही, एवढंच मनाशी ठरवून टाकलं होतं. मी गॅरेजवाला माणूस. आवाज आला की त्याला कारण असतं, कारण सापडलं की इलाज असतो. याच्यापलीकडे काही मानायची गरज मला वाटत नव्हती. आमची लहान मुलगी मात्र आईविना राहीना. तेव्हा माझी वहिनी तिला मंद्रूपच्या पलीकडे आपल्या गावी घेऊन गेली आणि आपल्या लेकरांत वाढवू लागली.

सत्तरच्या दशकातला मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. माझ्याकडे लष्कराच्या लिलावातली जुनी जीप होती. चारही चाकांना ताकद मिळणारी, चिखलातून निघणारी. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी एक लोखंडी पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. माझ्या जीपची हीच पेटी काही दिवस रडत होती. कुठलाही गिअर टाका, खालून घुर्र असा आवाज यायचा आणि तिच्या दांडीवर हात ठेवला की मुंग्या यायच्या. जड ओढीसाठी खालचा गिअर टाकला तर दांडी आपोआप निसटायची. आतला मधला शाफ्ट आणि त्याची बेअरिंगं झिजली असणार, हे मी ओळखलं होतं. पेटी उतरवायची म्हणून हत्यारं काढतोय, तोच भावाचा निरोप आला. वहिनीच्या पोटात भयंकर कळा होत्या, अंगात ताप होता, आणि रस्त्याला एवढा चिखल की एसटी गावापर्यंत येत नव्हती.

मी तशीच जीप काढली. जाताना निभावलं. परतताना मागं वहिनी गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, भाऊ तिचं डोकं धरून बसलेला. ओढ्यात पाणी फार नव्हतं, पण पलीकडचा चढ म्हणजे काळ्या मातीचा नुसता लोण्यासारखा चिखल. अर्ध्या चढावर दांडी निसटली. पुन्हा टाकली, पुन्हा निसटली. वहिनी ओरडायचीही थांबली होती, तेच जास्त भीतीचं होतं. त्यातच खालून करपल्याचा वास आला. मी चिखलात पाठ टेकून आत सरकलो. मधला शाफ्ट जागेवर धरणाऱ्या पट्टीचा बोल्ट सैल झाला होता आणि पेटीतलं तेल बहुतेक सगळं वाहून गेलं होतं. बोल्टाला सूत गुंडाळून तो आवळला. पण तेल कुठून आणायचं? इंजिनातलं काढावं तर तेही तळाला टेकलेलं. कोरड्या पेटीवर चढ काढला असता तर दातेच उडाले असते. कारण सापडलं होतं, आणि हातात काहीच नव्हतं. मी गाडीखाली तसाच पडून राहिलो. प्रार्थना केली असं म्हणणार नाही. फक्त म्हणालो, "आता मला काही येत नाही."

तेवढ्यात कुणाची तरी चिखलाने भरलेली पावलं चाकाजवळ थांबली. "काय झालं रं? आत बाईमाणूस हाय न्हवं?"

बाहेर आलो तर पन्नाशीची एक बाई, कपाळाला भस्म, हातात झाकणाची किटली. मी म्हणालो, "तेल संपलंय, अक्का. गाडीचं."

"हे चालतंय का बघ." तिनं किटली पुढं केली. "एरंडेल हाय. म्हादेवाच्या दिव्याला चालले होते."

एरंडेल दाट असतं, दात्यांना चिकटून राहतं. अडीअडचणीला ते चालतं हे मला ठाऊक होतं. तरी माझा हात पुढं होईना. "देवाचं आहे अक्का," मी म्हणालो.

"मग? ही बाई कुणाची हाय? वत की लवकर!"

रबरी नळी लावून ते तेल पेटीत सोडलं. ती बाई आपणहून मागं चढली, वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं आणि "अंजबेड गं, अंजबेड, भिऊ नको," असं कानडी-मराठीत पुटपुटत राहिली. त्यामुळे भाऊ मोकळा झाला. पुढं येऊन त्यानं दांडी दोन्ही हातांनी दाबून धरली. जीप गुरगुरत, घसरत चढ चढली. सोलापूर येईपर्यंत मी आवाजाकडे कान लावून होतो. तो वाढला नाही. इस्पितळात वहिनीला लगेच शस्त्रक्रियेला नेलं. अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात होतं. ती वाचली. तिला आत नेण्याच्या धांदलीत ती बाई कधी निघून गेली ते कळलं नाही.

पुढं पेटी उघडली तेव्हा शाफ्ट खोलवर खरडलेला दिसला, बेअरिंगमधल्या बारीक पोलादी सुया तुटलेल्या, पण दाते शाबूत. शाफ्ट, बेअरिंगं, वॉशर नवे घातले. दांडी जागेवर धरणारी स्प्रिंग मेली होती, तीही बदलली. घुरघुर थांबली. यात न समजण्यासारखं काही नाही. एरंडेलानं काम केलं. पण ते घेऊन ती नेमकी त्या वाटेनं का आली, याचा शोध मला कुठल्या पान्यानं घेता येणार?

वाटेत तिनं भावाला आपलं गाव सांगितलं होतं. वहिनी हिंडू-फिरू लागल्यावर एका सोमवारी तिला आणि मुलीला घेऊन मी तिथं गेलो, एरंडेलाचा डबा भरून. तिनं तो सहज घेतला. मी विचारलं, "त्या दिवशी देवाला काय सांगितलंत, अक्का?"

"काय सांगायचं? तेल गाडीला दिलं, म्हनलं. त्येला काय कळत न्हाय व्हय?"

मग ती भाकरी टाकायला आत गेली आणि मी शेजारच्या देवळात जाऊन बसलो. मागण्यासारखं पुष्कळ होतं. पत्नी का गेली, हे विचारायचंही राहिलंच होतं. त्याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. पण त्या दिवशी काहीच विचारावंसं वाटलं नाही. जे आपल्या हातचं होतं ते केलं होतं. उरलेलं कुणीतरी उचललं होतं, आणि त्या कुणाचे तरी आभार मानायला शब्द लागत नव्हते. बाहेर मुलगी वहिनीशी काहीतरी बोलून हसत होती. जेवायची हाक येईपर्यंत मी डोळे मिटून तसाच बसून राहिलो.