आधी हेल्मेट, मग झाडू

सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढलं. माझ्या हातात झाडू आला.

तामसी गावाच्या पुढं टेकडीखाली ते शिबिर होतं. एडीएचडी असलेल्या मुलांसाठी. दोरीनं कडा चढायचा, ओढ्यातून चालायचं, मग झाडाखाली बसून एका मॅडमशी मनातलं बोलायचं. आदिलाबादच्या डॉक्टरांनीच मायला सांगितलं होतं, असं एखादं शिबिर बघा, पोरीला फायदा होईल.

मला एडीएचडी आहे. म्हणजे पुस्तक उघडलं की डोकं खिडकीतून पळतं. पाय तर त्याच्याही आधी. मास्तर म्हणायचे, माजली आहे. चुलती म्हणायची, भिंगरी. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा मी रडले. आपण वाईट नाही, हे चौदाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. म्हणून मला ते शिबिर हवं होतं. ती दोरी हवी होती. फार हवी होती.

शिबिराचे सर आदिलाबादचेच, मराठी घरातले. पण त्यांची मराठी इस्त्री केलेली. गावाकडच्या एका मुलीला ते फुकट घेणार होते, म्हणून मायनं हात जोडले होते.

"हिला कामाची सवय आहेच," सर मायला म्हणाले. "आवार झाडेल, जेवणाची भांडी घासेल. हिच्यासाठी हीच थेरपी."

बाकीच्या मुलांचे आईबाप खुर्च्यांवर बसले होते. त्यातल्या एक बाई कौतुकानं हसल्या. माय उभीच होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. तरी तीही हसली. ते हसू मला झाडूपेक्षा जास्त लागलं.

मी झाडायला लागले. खरंच. अर्धं आवार झाडलं. झाडायची मला लाज नाही, घरी मी शेणसुद्धा काढते. पण वर दोरीवरून कुणीतरी आनंदानं ओरडलं आणि माझं डोकं तिकडं गेलं. नेहमीसारखं भटकलं मात्र नाही. तिथंच थांबलं.

आमच्याकडे कापूस वेचायला सावड असते. आज तुमच्या वावरात आम्ही, उद्या आमच्या वावरात तुम्ही. सावडीत कुणी कुणाचा मालक नसतो. एकानंच राबायचं, याला आम्ही वेठ म्हणतो.

मी सरांसमोर जाऊन झाडू पुढं केला.

"सर, आज मी झाडते. उद्या कोनाची बारी?"

सर हसले. "अगं, ही मुलं उपचारासाठी आली आहेत."

"मंग मी कायले आली?"

त्या कौतुकवाल्या बाई मोबाईल बघू लागल्या. सरांचा चेहरा आधी उतरला, मग पारा चढला. ते मायकडे वळले. "हेच ते. विचार न करता बोलणं. आजाराचं लक्षण आहे."

मी विचार करूनच बोलले होते. इतका सलग विचार मी तोवर कधीच केला नव्हता.

झाडू त्यांच्या खुर्चीला टेकवला आणि मायचा हात धरून निघाले.

बसमध्ये माय भडकली. "फुकटची जागा होती. झाडलं असतं त हात झिजले असते का तुहे?"

"हात नाई झिजत माय. पन तू काऊन हसली?"

आमच्या गावी, तलमडुगुला उतरताना ती एवढंच म्हणाली, "मी हसाले नोतं पायजे."

त्याला दोन वर्षं झाली. डोकं अजून पळतं. गोळी चालू आहे. दोरी अजून चढले नाही. शिबिरांची माहिती आली की माय माझ्यापुढं ठेवते आणि निवडते मी. 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे वाचत बसत नाही. सरळ फोन लावते, विचारते, तिथं भांडी कोण घासतं? सगळी मुलं आळीपाळीनं, असं उत्तर आलं तरच पुढं बोलते. अजून आलेलं नाही.

मी दोरी चढणार आहे. झाडूही मारीन. पण आधी हेल्मेट द्या. मग झाडू मागा.